सुपावरचे संस्कार

लग्नाचं सूप करणं म्हणजे असं काय मोठंसं? कोकराच्या मानेचं मटण शिजवायचं, तांदूळ टाकायचे, वर तिखट घालून लाल केलेलं लोणी सोडायचं, खलास! असं मी माझ्या एकुलत्या एक लेकीला, निल्हानला, ठणकावून सांगितलं. आम्हा तुर्कांकडे शुभकार्याला हे सूप लागतंच.

"बाबा, खानावळीतून मागवू या ना!" ती काकुळतीला आली. "तुन्जायचे आईवडील आज मला मागणी घालायला येताहेत. आज तरी प्रयोग नको!"

"प्रयोग? अगं, आई गेल्यावर तुला कोणी वाढवलं? या हातांनी! मग त्यांना एक सूप जमायचं नाही?"

खरं सांगू? आतून माझीच धाकधूक चालली होती. आईविना वाढलेली पोर म्हटली की लोक आधी तिचे संस्कार तपासतात. पण बापाच्या हातचं सूप समोर आलं, की कोणाची नाक मुरडायची हिंमत होते?

मटण झकास शिजलं. पाहुणे आले, दारात बूट काढून बैठकीत बसले. आता शेवटचं काम. दही, अंडं, पीठ नि लिंबू फेटून सुपात घालायचं. आमच्याकडे त्याला 'तरबिये' म्हणतात, म्हणजे संस्कार. पोरांवर करतात ते आणि सुपावर करतात ते, शब्द एकच! मी सगळं मिश्रण एकदम उकळत्या सुपात ओतलं, आणि बघता बघता सूप फाटलं!

दूर शिवास शहरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, हालिदेताईला, फोन लावला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती सगळं जग बहिरं समजून बोलते. माझे हात पिठात, त्यामुळे फोन स्पीकरवर.

"ताई, घात झाला!"

"संस्कार नीट केलेस का?" ताई गरजली.

"केले गं! पण सगळं बिघडलं!"

"घाई केली असशील, नेजात! सतरांदा सांगितलं, ते हळूहळू करायचे असतात! आता बिनसंस्कारी ते बिनसंस्कारीच!"

"हळू बोल, पाहुणे आलेत!"

"आं? पाहुणे? मग घाबरतोस काय? वरून रंगरंगोटी कर आणि मार त्यांच्या गळ्यात! घरी गेल्यावर कळेना का!"

बैठकीतल्या गप्पा एकदम थांबल्या. निल्हान धावत आत आली, चेहरा पांढराफटक.

"बाबा, माझ्याबद्दल काय बोलताय तुम्ही? तुन्जायचे वडील बूट घालताहेत!"

मी पातेल्यासकट दाराकडे धावलो. तुन्जायच्या वडिलांचा, रिफ्की बेंचा, एक बूट पायात होता, दुसरा तुन्जायनं पाठीमागे लपवून धरला होता. शहाणा मुलगा! त्याच्या आई, सादेत हानिम, म्हणजे सादेतबाई, कोट चढवत होत्या.

"बरं झालं, वेळीच कळलं," बाई थंडपणे म्हणाल्या.

"अहो, बिनसंस्कारी हे! हे!" मी पातेलं त्यांच्या नाकाखाली धरलं. "मुलगी नाही, सूप! माझ्या मुलीला कोणी नाव ठेवलं ना, तर मी... मी हेच सूप पाजीन त्याला!"

बाईंनी आत डोकावून पाहिलं. गाठीच गाठी!

"अगं बाई! सगळं एकदम ओतलंत?"

"हो."

त्यांना असं हसू फुटलं, की कोटाची एक बाही लोंबतच राहिली. मग त्यांनी कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि तडक स्वयंपाकघरात शिरल्या. सूप गाळलं. नवं मिश्रण फेटलं, त्यात गरम रस्सा डावाडावानं मुरवला, आणि मग कुठे ते पातेल्यात ओतलं. शेजारी निल्हान लिंबू पिळत होती. दोघींच्या गप्पा इतक्या रंगल्या, की मला कोणी विचारीना. किती वर्षांनी त्या खोलीत दोन बायकांचं हसणं ऐकू येत होतं! माझे डोळे भरून आले. कांदा चिरला नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू?

रिफ्की बेंनी दोन वाडगे संपवले, मिशा पुसल्या, आणि रीतीप्रमाणे देवाच्या आज्ञेनं, पैगंबरांच्या वचनानं मुलगी मागितली. मी म्हणालो, "दिली!"

आणि आनंदाच्या भरात छाती फुगवून जाहीर केलं, "लग्नाच्या दिवशीचं सूपही मीच करणार!"

"नको!!" चौघंही एका सुरात ओरडले.

दोन्ही घरांचं पहिलं एकमत झालं ते हे असं!