गौतमीस ऊन लागू

दौंडच्याच बाजूच्या केंदूर गावची गौतमी चार महिने हिमाचलातल्या सराव शिबिरात होती. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून ती मे महिन्यात दौंडला उतरली. दहा दिवसांनी तिथे दहा किलोमीटरची निवड शर्यत होती. पहिली येणारी राष्ट्रीय संघात जाणार होती.

स्पर्धेचे समन्वयक ज्ञानदेव सर नियमाने वागणारे गृहस्थ होते. पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास करून उष्ण प्रदेशात आलेल्या खेळाडूने चौदा दिवस उन्हाशी जुळवून घ्यावे, असे परिपत्रक होते. तसे जुळवून घेतल्याच्या प्रमाणपत्राशिवाय पळता येणार नव्हते.

"सर, मी इथलीच हाय," गौतमी म्हणाली. "उन्हातच वाढले."

"जन्माचा रकाना नाही," सर म्हणाले. "शेवटचा मुक्काम विचारलाय. तिथं बर्फ होता."

तरी सर मनाने मऊ होते. सकाळ आणि संध्याकाळ असे वेगळे दिवस धरून चौदा दिवस दहा दिवसांत बसवायचे त्यांनी मान्य केले. पहिले दोन दिवस प्रवासाचा शीण म्हणून सक्तीची विश्रांती झाली. तिसऱ्या दिवशी उष्णतेचा इशारा आला. अकरा ते चार कुणाही खेळाडूने बाहेर पडायचे नाही. उरलेल्या वेळेतले ऊन तापमापकाला पुरेसे वाटेना. मग सभागृहात चार हीटर लावले, तर वायरिंग जळाले. शेवटी राहायला मंजूर झालेल्या खोलीतच गौतमीला दोन घोंगड्यांत गुंडाळून बसवण्यात आले. खोलीतला कूलर बंद करायचा अधिकार सरांना नव्हता.

पाचव्या दिवशी भर दुपारी तिची आई धुरपदाबाई एसटी स्टँडवरून चालत डबा घेऊन आली. पोरीला पाहून तिला वाटले, हिला हुडहुडी भरली. सरांनी तिला सगळी पद्धत समजावली. रोज ठरावीक वेळ उन्हात जायचे, मिठाचे पाणी प्यायचे, शेजारी डॉक्टर हवा.

धुरपदाबाईने नीट ऐकून घेतले. "आन् खुरपायचं कवा?"

योजना फक्त खेळाडूंसाठी आहे, असे सरांनी नम्रपणे सांगितले.

नवव्या दिवशी वरून कळले, की अर्धे दिवस धरता येणार नाहीत. सरांना खरेच वाईट वाटले. त्यांनी एक वाट शोधली: हिमाचलला गेलेच नव्हते, असे गौतमीने लिहून द्यावे. तिने दिले. मग लक्षात आले, की शिबिर न केलेल्या खेळाडूला या शर्यतीत प्रवेशच नाही. तेव्हा मात्र ती रडली.

शर्यतीत पाणी देणाऱ्या स्वयंसेवकांना कसलेच प्रमाणपत्र लागत नव्हते. गौतमीने तिथे नाव दिले.

सकाळी सहाची शर्यत प्रमुख पाहुणे आल्यावर सव्वाअकराला सुटली. उष्णतेचा इशारा अजूनही खेळाडूंना लागू होता, पाहुण्यांच्या उशिराला नव्हता. गौतमी पाण्याची कॅन घेऊन पहिल्या क्रमांकावरच्या हर्षदाच्या पुढे पळू लागली. मागे वळून विचारी, "ताई, पाणी देऊ का?" दहा किलोमीटर ती असे विचारत राहिली आणि दोनशे पावले आधी पोचली. निवड मागून आलेल्या हर्षदाची झाली. गौतमीला नोटीस मिळाली: स्वयंसेवकाने खेळाडूच्या पुढे का असावे, याचा खुलासा करावा.

शर्यतीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिलात. हर्षदाला अंगठाही दिलात. आणि खाली लिहिलेत, "ती पाणीवाली सारखी मध्ये येतेय, तिला कुणीतरी बाजूला करा."