साड्यांच्या आतला रोही

भुरीबाई सकाळी कापूस वेचायला वावरात गेली आणि ओटीत एक बोंड न टाकता धावत परत आली. बाबूसिंग दारात बसून दात घासत होता.

"आवो, वावरात रोही हाय!"

"कसा येईन? काल चारी बाजूनं साड्या नाई बांधल्या का म्या?"

"बांधल्या ना. तेच तं म्हनून राह्यली. साड्या बांधेल हायेत, अन् तो आत हाय."

बाबूसिंगने चूळ भरली ती गिळूनच टाकली.

त्या सालांत कापसाचं नाव कोणी फार मोठ्यानं घेत नसे. भाव पडलेला, बोंडांत अळी. आर्णीकडच्या त्या तांड्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये पेरलेल्या तुरीवरच घराघराची नजर होती. बाबूसिंगचीही होती. आणि नेमकी तूर शेंगांनी लगडली की रानातून रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं उतरत. तारेचं कुंपण ही ऐपतीबाहेरची गोष्ट. म्हणून आर्णीत जुने कपडे विकणाऱ्या सुग्राबीकडून साड्या आणायच्या आणि खुंट्यांना बांधून वावराला गुंडाळायच्या. वाऱ्यानं पदर हलला की जनावराला वाटे, माणूस उभा आहे. बायकांनी टाकून दिलेल्या कापडाला अख्खं जंगल वचकून असे.

आदल्या दिवशी अंधार पडता पडता बाबूसिंगने घाईघाईनं साड्या बांधल्या. त्या वेळी एक रोही तुरीत आरामात बसला होता, हे त्याला कोण सांगणार? थोडक्यात, त्यानं चोराला आत ठेवून दाराला कडी लावली होती.

बघता बघता तांडा गोळा झाला. बाबूसिंगचा फवारणीचा पंप दुरुस्त करायला आर्णीहून आलेला मोहिउद्दीन मिस्त्रीही हातातल्या पान्यासकट धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन उभा राहिला. लोकांनी आरडाओरडा केला तसा तुरीतून रोही उठला, आणि ओरडणारेच मागं सरले. निळसर राखाडी अंग, माणसाच्या छातीला लागेल असा खांदा, गळ्याखाली पांढरा पट्टा. तो उधळला तेव्हा पायाखालची माती थरथरली. सरळ रानाच्या दिशेनं गेला आणि कमरेएवढ्या, विटक्या, ठिगळ लावलेल्या एका गुलाबी साडीपुढं चारी पाय रोवून थांबला. नाकपुड्या फुगल्या. त्याच्या फुंकरीनं साडी हलली. तो दचकला, वळला आणि तूर तुडवत परत गेला.

"या अल्ला!" मोहिउद्दीन हळूच म्हणाला. "इत्ता मोठा जनावर, अन् इत्तीशी साडी!"

बाबूसिंगने रस्त्याकडची बाजू उघडून पाहिली. तिकडं माणसं होती, रोही फिरकला नाही. नाल्याकडं खोल दरड होती. रान होतं भीमसिंगच्या वावरापलीकडं आणि रोहीला तिकडंच जायचं होतं. पुन्हा उधळायचा, पुन्हा साडीपुढं थांबायचा, पुन्हा वळायचा. प्रत्येक फेरीला तुरीची एक ओळ आडवी होत होती.

"धुऱ्यावरच्या साड्या सोडाव लागन," मोहिउद्दीन म्हणाला.

यावर सगळे खाली बघायला लागले. कारण तो धुरा साधा नव्हता. भीमसिंग म्हणजे बाबूसिंगचा सख्खा थोरला भाऊ. कधीतरी एकाच्या नांगरानं धुरा कोरला. कोणाच्या, ते ज्याचं त्याला माहीत. दुसऱ्यानं उत्तर म्हणून पलीकडून कोरला. धुरा उरला वीतभर. मग दोघांनी भर तांड्यात आण घेतली की एकमेकांच्या वावरात पाय टाकणार नाही, पाणीसुद्धा पिणार नाही. तेव्हापासून बोलणंही बंद. धुऱ्यावर एकच साडी दोघांना पुरली असती, पण तेवढा व्यवहार कोण करणार? दोघांनी आपापली वेगळी रांग लावली होती. मध्ये वीतभर जागा. त्या वितीवर कोणाचंच राज्य नव्हतं.

पलीकडं भीमसिंग आणि बिजलीबाई येऊन उभे होते. अलीकडं हे दोघं. चौघं हाताच्या अंतरावर.

बाबूसिंग बायकोकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "सांग, म्हना साड्या सोडा."

भुरीबाईची वेगळीच पंचाईत. जेठापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, तिनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. तिनं पदर नाकाखाली ओढला आणि जावेला म्हणाली, "जाऊबाई, हे म्हनते साड्या सोडा."

बिजलीबाईनं शेजारच्या नवऱ्याला विचारलं, "आयकलं का?"

"काय आयकू?" भीमसिंग रानाकडं बघत म्हणाला. "सोडल्या म्हन्जे तो माही तूर खाईन. तिले म्हना, धुरा कोरतानी साड्या नाई आडव्या आल्या का?"

"जेठजीले सांगा जाऊबाई," भुरीबाई पदराआडून म्हणाली, "पैला नांगर कोनाचा होता ते बैलायले विचारा म्हना."

"अरे, ये निरोप है का पोस्टाफीस?" मोहिउद्दीन ओरडला. "तिकडे तूर चालली ना! भीमसिंगभाऊ, तुम्ही तुमची रानाकडची बाजू खोला. हे इकडून हाकलन. दोन उड्या मारंन अन् जाईन बिचारा!"

तेवढ्यात रोही आणखी एक ओळ मोडून गेला. बाबूसिंगच्या तोंडून हाय निघाली. भीमसिंगनं ती ऐकली असावी. त्यानं आपल्या रांगेची गाठ सोडली. बाबूसिंगनं आपली सोडली. मग भीमसिंग रानाकडची बाजूही उघडून आला. आता बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी होती.

लोकांनी मागून हाकललं. रोही आला आणि जिथं आत्तापर्यंत साडी होती, तिथं थांबला. समोर काहीच नव्हतं. हवा होती. तो त्या हवेला हुंगत उभा राहिला.

"आता कायले थांबला?" कोणीतरी कुजबुजलं.

उघड्या धुऱ्याच्या अलीकडं बाबूसिंग उभा होता, पलीकडं भीमसिंग. मध्ये एक ढेकूळसुद्धा आडवं नव्हतं, आणि दोघांचेही अंगठे आपापल्या हद्दीत मातीला घट्ट धरून होते.

मग रोहीनं मान वळवली. मोकळी वाट सोडून दोन पावलं बाजूला सरकला, जिथं दोन्ही रांगा अजून बांधलेल्या होत्या, आणि जागच्या जागी उचलला गेला. धावला नाही, ओरडला नाही. साड्यांच्या कितीतरी वरून ते एवढं मोठं धूड अलगद गेलं. भीमसिंगची तूर त्यानं चाखलीही नाही. रानाकडच्या साडीवरूनही तसाच गेला आणि पळसांत दिसेनासा झाला.

अख्खा तांडा आ वासून उभा. बिजलीबाई म्हणाली, "माय वं! त्याले कवाबी जाता येत होतं!"

याच वेळी वाऱ्याची एक झुळूक आली आणि बाबूसिंगच्या हातातली गुलाबी साडी सुटून भीमसिंगच्या वावरात उडाली. पुढं बाभूळ होती. काट्यात गेली असती तर चिंध्याच. बाबूसिंग तिच्यामागं धावला. पऱ्हाटीतून वाकडातिकडा पळत ऐन बाभळीखाली त्यानं ती पकडली. ती झटकली, घडी केली आणि परत फिरला.

धुरा बंद होता. भीमसिंगनं तेवढ्या वेळात आपल्या साड्या खुंट्यांना पक्क्या बांधल्या होत्या. शेवटच्या गाठीवर थुंकी लावून तो हात झटकत उभा होता.

बाबूसिंगला कळलं, आपण कुठं आहोत ते. तो साडीपर्यंत आला आणि थांबला.

भीमसिंग रानाकडं बघत होता. पण बोलला तो बिजलीबाईशी नव्हे. "बाबू," तो म्हणाला, "भाकर खाऊन जा."

बाबूसिंग साडीकडं बघत राहिला. वाऱ्यानं ती हलली. तो जरा मागं सरकला आणि मग मुकाट्यानं भावामागून खोपटाकडं चालू लागला.

अलीकडं मोहिउद्दीनला राहवलं नाही. "ओ बाबूसिंगभाऊ! साडी उचला ना, नीचे से निकल..."

भुरीबाईनं त्याच्या पायावर पाय दिला.

"चूप बसा ना भाऊ," ती पदराआडून म्हणाली. "जेवू द्या त्याइले."