रामटेकेच्या खिशातली शिट्टी

सन दोन हजार सोळा. मी सहासष्ट वर्षांचा, चौथी पास, कारखान्यातून रिटायर, आणि कोणाच्या बापाचं ऐकत नव्हतो. त्या साली रामटेकेनं माह्या कुकरची शिट्टी नेली.

चोरून नाही, माह्या देखत. दुसरी शिट्टी वाजली तसा हा बाजूच्या क्वार्टरातून आला, चपलेसहित सैंपाकखोलीत घुसला, गॅस बंद केला, वाफ बसू दिली, चिमट्यानं शिट्टी उचलली, फुंकली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"मोठेभाऊ, डोस्कं फुटून राहिलं. ब्रेकडाउन झाला तर जबाबदार कोण?"

मी शिट्टी परत मागितली नाही. नवी घेतली नाही. नवी घेणं म्हणजे हारणं. माही बायको आधीच गेली होती, हातानं करून खायचं, म्हणून कोणी कटकट कराले नव्हतं. कुकर माळ्यावर टाकला आणि वरण गंजात, साध्या भांड्यात, शिजवाले लागलो.

रामटेके मेंटेनन्सचा माणूस. आम्ही कारखान्याच्या एकाच शॉपात तीस वर्षं काढली. ब्लॉकमधल्या कोणाच्याही दरवाज्याची कडी वाजली की हा तेलाची कुपी घेऊन हजर. फाटकाले सायकलच्या ट्यूबचं रबर यानं बांधलं. कोणी मिरचीची फोडणी दिली की खिडकीखाली येऊन म्हणे, "बाई, जरा खिडकीचा पाल्ला लावा." लग्नाच्या मांडवात जाऊन डीजेवाल्याशी भांडला, तवापासून लग्नाचं बोलावणं बंद झालं. डोक्याले ओला गमछा बांधून फिरे. पोट्टे त्याले 'सीटी अंकल' म्हणत. खिडकीवर काळं घोंगडं टांगलेलं. वहिनी कुठं आहे विचारलं की म्हणे, "अंदर. माह्यासाठी पट्टी भिजवून राहिली."

एक दिवस निंबाखाली चार माणसांसमोर मी त्याले धरलं.

"एवढं डोस्कं दुखते तर डॉक्टरकडे चाल. नाही तर शिट्टी काढ खिशातून."

खिशावर हात ठेवून तो म्हणाला, "चाला."

ऑटोनं सिविक सेंटरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे माह्या नातीएवढी पोरगी. हिंदीत विचारे. दर्द कहाँ होता है? रामटेकेनं हात डावीकडं नेला, मग उजवीकडं.

"आधे में. कभी ये आधा, कभी वो."

"उलटी?"

"होती है. उलटी के बाद सो जाती."

पोरगीनं वर पाहिलं. मी मनात म्हटलं, आमची हिंदी अशीच. पुरी नोकरी भिलाईत गेली, तरी बाई आणि माणूस एक करून टाकतो.

मग तिनं समजावून सांगितलं. गोळ्या दोन जातीच्या. एक दुखणं सुरू झालं की लगेच घ्यायची, कळ माथ्यावर चढायची वाट नाही पाहायची. पण तीच रोज रोज खाल्ली तर गोळीनंच डोस्कं दुखाले लागते. दुसरी रोजची. दुखो ना दुखो, घ्यायचीच. तिच्यानं दुखणं कमी वेळा येते, पण गुण याले काही हप्ते लागतात.

रामटेकेचं तोंड खुललं. "मोठेभाऊ, एक ब्रेकडाउनची, एक पीएमची! प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. मशीन चालू आहे तवाच तेल."

पोरगी हासली आणि लिहाले लागली. "ये रोज़ वाली बीपी में भी देते हैं." लिहिता लिहिताच म्हणाली, "अंकल, दमा-वमा तो नहीं है? दमे में ये नहीं चलती."

मी म्हटलं, "अजी दमा कायचा! पाईपावर चढे हा माणूस, माकडावाणी."

रामटेकेनं तिच्या कागदावर पंजा ठेवला.

"मत लिखो, मॅडम. दमा है."

"आपको?"

"मेरे को नहीं. जिसका सिर है, उसको."

पोरगीनं पेन खाली ठेवला. मग डॉक्टर हळूच म्हणाली, "जिनका सिर है, उनको लाइए ना."

बाहेर बाकावर बसून त्यानं सांगितलं. माह्याकडं पाहून नाही, रस्त्याकडं पाहून. डोस्कं देवकावहिनीचं होतं, पहिल्यापासून. साकोलीकडं त्यायच्या गावात धानाच्या रोवणीच्या दिवसात चिखलात वाकली की तिचं अर्धं डोस्कं फुटे. सासू म्हणे, सोंग करते. सोंगाडी सून माहेरी धाडा, एवढ्यावर गोष्ट आली. म्हणून तो तिले घेऊन भिलाईले आला. तर इथंही नळावरच्या बाया हासल्या, रामटेकीणबाईचं डोस्कं कामाच्याच दिवशी दुखते. तिनं खिडकीतून ऐकलं, आणि घोंगड्याआड तोंडात पदर कोंबून रडली.

"त्या दिवशी मी गमछा बांधला," तो म्हणाला. "माणसाचं डोस्कं दुखलं तर लोक हळू बोलतात, मोठेभाऊ. बाईचं दुखलं तर हासतात. म्हणून माह्या नावावर घेतलं. आता डॉक्टरकडे ते येत नाही. म्हणते, तिथंबी सोंगच म्हणतीन."

पण तो तिले घेऊन आला. कसं मनवलं, त्याचं त्याले माहीत. मी पडद्याबाहेर बसलो, अंदरचं सगळं ऐकू ये. डॉक्टरनं काही विचारायच्या आधीच वहिनी म्हणाली, "मॅडम, मैं सोंग नहीं करती."

"क्या नहीं करती?"

"नाटक," रामटेकेनं सांगितलं.

"पता है, आंटी. इसका नाम माइग्रेन है."

वहिनीनं ते नाव तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. वापस येताना ऑटोत ओठातल्या ओठात घोकत होती, शाळेतली पोरगी पाढे घोकते तशी.

दम्याच्या माणसाले चालणारी दुसरी गोळी मिळाली, झोपताना घ्यायची. दुसऱ्या हप्त्यात वहिनी म्हणाली, काही फरक नाही, बंद करते. रामटेके म्हणाला, "डॉक्टरले विचारल्याबिगर पीएम बंद होत नसते." हळूहळू घोंगडं निघालं. दुखणं पुरं गेलं नाही. जाईनच असं डॉक्टरही म्हणाली नव्हती. पण मधले दिवस मोकळे होऊ लागले, आणि वहिनी दारात बसून उन्हात तांदूळ निवडताना दिसे. रामटेकेचा गमछा खांद्यावर आला.

एकदा वहिनी माह्या दारात आली. "भाऊजी, शिट्टी मागा ना यायले. देतीन."

"मी नाही मागत."

"मागितल्याबिगर मी देत नाही," मागून रामटेके म्हणाला.

वहिनी म्हणाली, "दोघंही पोट्टेच आहात." आणि हासली. मोठ्यानं हासली. मी त्या बाईचा आवाज तवा पहिल्यांदा पुरा ऐकला.

मागच्या हिवाळ्यात दम्यानं तिले नेलं. डोस्क्यानं नाही नेलं, हे रामटेके प्रत्येकाले सांगे. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले आलेले पाहुणे गेले, सतरंज्या उचलल्या, आणि संध्याकाळी तो माह्या सैंपाकखोलीत आला. या वेळी चपला बाहेर काढून. खिशातून शिट्टी काढून ओट्यावर ठेवली. खिशात राहून राहून घासून चकचकीत झाली होती.

"घ्या, मोठेभाऊ. वाजू द्या."

"मी मागितली का तुले?"

"नाही मागितली. पण घरात लय शांत आहे."

तो गेला. मी माळ्यावरून कुकर काढला, पुसला, डाळ लावली, शिट्टी बसवली. वाजली नाही. झाकणाचं रबर सुकून लाकडासारखं झालं होतं, सगळी वाफ बाजूनं निघून गेली. भिंतीपलीकडूनही काही आवाज नव्हता. मी गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण बगलेत धरून त्याचं दार वाजवलं आणि म्हटलं, "रामटेके, चप्पल घाल. रबर घ्याले जाऊ. मशीनचं तुले कळते."