सिदोनीबाईंचा मान्यताप्राप्त सूर

सेरोन नदीच्या खोऱ्यातला नवा सायकलमार्ग डाव्या काठाने न्यावा की उजव्या, हा प्रश्न जिल्ह्याच्या विचाराधीन असताना आमच्या सां-मार्सियाल गावाने ग्रामपंचायतीची तातडीची बैठक बोलावली. तातडीची म्हणजे रविवारचं जेवण उरकून, त्यावर कॉफी घेऊन आणि कॉफीवर घरची आलुबुखाराची दारू घेऊन लगेच.

डाव्या काठावर आम्ही, उजव्या काठावर रोशनुआर. रोशनुआरला एक बुरूज आहे. त्याला छप्पर नाही, जिना नाही आणि खरं सांगायचं तर इतिहासही नाही. पण तो लांबून दिसतो, आणि सायकलवर बसलेल्या माणसाला लांबून दिसणाऱ्या गोष्टीची फार ओढ असते.

"आपल्याकडे काय आहे?" सरपंच ओनोरे व्हेर्दिए यांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या पेल्यात पाहिलं. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "अक्रोड."

"अक्रोड खातात. वारसा बघतात. फरक कळतो का?"

चर्चा संध्याकाळपर्यंत चालली, आणि संध्याकाळी चॅपेलमधून, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरातून, रविवारचं गाणं सुरू झालं. सरपंच नेहमीप्रमाणे वैतागून खिडकी लावायला उठले. आमचे सरपंच देव मानत नाहीत, मात्र चॅपेल मानतात. आमच्या देशात जुनी चॅपेलं ग्रामपंचायतीच्या मालकीची असतात, देव नसतो. तर ते उठले, खिडकीला हात घातला आणि तसेच थांबले.

"हे," ते म्हणाले, "किती जुनं आहे?"

हे म्हणजे सिदोनीबाई. गिरणीवाल्याची विधवा, वय ऐंशीच्या पुढे. फादर आन्सेल्म यांच्याकडे इतकी गावं आहेत की त्यांची गाडी ज्या गावात बंद पडते तिथल्या लोकांना प्रार्थनेचा लाभ होतो. आमच्याकडे ती फारशी बंद पडत नाही. म्हणून दर रविवारी सिदोनीबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, ओदेत आणि मार्त, आपल्या आपणच सांजप्रार्थना गात. ऐकायला कोणी असो नसो. सिदोनीबाईंचा आवाज गोड म्हणता येणार नाही. शेतातून आलेला माणूस दारात बूट झटकतो तसा त्यांचा पहिला सूर जरा थांबायचा, झटकायचा, आणि मग घरात आल्यासारखा आत यायचा. तो आत आला की ऐकणाऱ्यालाही कुठून तरी घरी आल्यासारखं वाटायचं.

बाईंचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. जूनच्या अखेरीस सां-मार्सियालचा, म्हणजे आमच्या ग्रामसंताचा, सण असतो. त्या दिवशी म्हणायचं संताचं एक पद आहे. वर्षातून एकदाच म्हणतात, छापलेलं कुठेच नाही. ते आता फक्त या तिघींना येत होतं. एकही वर्ष खंड पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं, देवाकडेही आणि ग्रामपंचायतीकडेही.

सरपंचांच्या पत्रावरून पुढच्याच रविवारी वारसा खात्याच्या अधिकारी मादाम तिबो पाहणीसाठी आल्या. त्यांनी भिंतीवरचं संताचं पुसट चित्र पाहिलं, नाक गळून गेल्याची नोंद केली, आणि इतक्यात गाणं सुरू झालं. मादाम तिबो रडल्या. अधिकारी रडला की अर्धी मंजुरी मिळाली असं आमच्याकडे समजतात. उरलेली अर्धी बदकाच्या जेवणानंतर मिळाली. गावाला 'जिवंत वारसा' अशी पाटी आली, सायकलमार्ग डाव्या काठाने आला, आणि रोशनुआरचे लोक आपला बुरूज घेऊन बसले.

आता, पाटी मिळाली की पाटीचे नियम येतात. वारसा जिवंत आहे हे प्रत्येक येणाऱ्याच्या प्रत्ययाला आलं पाहिजे, असा पहिला नियम. सायकलवाले येत न्याहारीनंतर आणि जात जेवणाआधी. गाणं असे रविवारी संध्याकाळी, जेव्हा ते पुढच्या गावच्या खाणावळीत पाय चोळत बसलेले असत. सरपंच स्वतः सिदोनीबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. बाई शेंगा सोलत होत्या.

"सिदोनीबाई, सांजप्रार्थना सकाळी नाही का घेता येणार?"

"सकाळी सांज कशी व्हायची रे, ओनोरे?"

"तत्त्वतः बघितलं तर..."

"तत्त्वतः बघितलं तर, निवडून यायच्या आधी तू मला काकू म्हणायचास."

"काकू, गावासाठी."

काकू म्हटल्यावर बाईंनी शेंगांची पाटी खाली ठेवली. "येणारा पाहुणाच आहे," त्या म्हणाल्या. "घामाघूम होऊन आलेल्याला पाणी देतो, तसं गाणं देऊ. पण सणाचं पद तेवढं सणालाच."

"अर्थात!" सरपंच म्हणाले.

मग पाहुणे आले. सकाळी आले, उन्हात आले, पाठोपाठ आले. एक घोळका निघतो न निघतो तोच दुसरा दारात. तिघी पहिल्यापासून सुरुवात करत. मार्तचे गुडघे गेले आणि ती तुलूजला लेकीकडे कायमची गेली. ओदेतचा घसा बसला. ती आता नुसते ओठ हलवी आणि खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या चघळी.

"संतांनासुद्धा जेवणाची सुट्टी होती गं," ओदेत घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"म्हणून तर ते संत झाले," सिदोनीबाई म्हणाल्या. "आपण गावकरी."

यावर ग्रामपंचायतीने अत्यंत माणुसकीचा तोडगा काढला. सिदोनीबाईंचं गाणं एकदा नीट ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि दाराजवळ बटण बसवलं. दाबलं की गाणं. सायकलस्वारांना ते मनापासून आवडलं. एकाने अभिप्रायात लिहिलं, 'आवाज स्वच्छ. फार वेळ थांबावं लागत नाही.' पाचपैकी पाच तारे. ध्वनिमुद्रणात संताचं पद घेतलं नव्हतं, कारण ते संथ आहे आणि तोवर पायाचे स्नायू थंड पडतात, असं जाणकारांचं मत पडलं.

बाई पुन्हा आपल्या रविवारच्या संध्याकाळी गाऊ लागल्या. सगळं सुरळीत झालं असतं, पण दोनेक वर्षांनी संताच्या चित्राचा कान पडला.

मादाम तिबो हवेतला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आल्या. यंत्राने सांगितलं की भिंतीला श्वास बाधतो, आणि गाणारा माणूस गप्प माणसापेक्षा पुष्कळ जास्त श्वास सोडतो.

"आणि चढ चढून आलेला सायकलवाला धापा टाकतो तो?" सिदोनीबाईंनी विचारलं.

"त्यांच्यासाठी बाहेर बाक बसवतोय ना. श्वास खाली बसला की आत," मादाम म्हणाल्या.

"मग मीपण बसते बाकावर."

"तुमचा श्वास बसून खाली बसत नाही, बाई. तुम्ही आत जाऊन गाता."

रविवारचं गाणं तात्पुरतं बंद झालं. तात्पुरतं या शब्दाइतकं टिकाऊ आमच्या खोऱ्यात काही नाही. आमचा पूलसुद्धा तात्पुरता आहे, तो माझ्या आजोबांनी पाहिला होता. सिदोनीबाईंनी फादर आन्सेल्मना गाठलं. फादर तावातावाने सरपंचांकडे आले. इमारत गावाची असली तरी प्रार्थना थांबवायचा अधिकार कायदा कोणालाच देत नाही, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं.

"प्रार्थनेला कोण अडवतंय, फादर?" सरपंच दुखावले. "करा की. मनातल्या मनात करा. फक्त ओलावा नको."

फादरना पुढच्या गावी अंत्यविधी होता. गाडी चालू ठेवूनच आले होते. ते गेले.

सिदोनीबाई मग दाराबाहेर उभ्या राहून गाऊ लागल्या. आत कोणी बटण दाबलं की बाहेरून त्या साथ देत. स्वतःच स्वतःला. आठवडाभरात तक्रार आली की एक वृद्ध स्त्री गाण्यासोबत बेसूर गाते. मादाम तिबो या खेपेला सूर मोजायचं यंत्र घेऊन आल्या. त्यांनी ते बाईंसमोर धरलं, आकडा पाहिला आणि हळहळल्या.

"बाई, तुमचा सूर मान्यताप्राप्त सुरापेक्षा उतरलाय."

"अहो, पण ती मान्यताप्राप्त बाई मीच ना?"

"ती दोन वर्षांपूर्वीची. वारशात त्यांचा समावेश झालाय. तुमचा अजून नाही."

"मग करून घ्या की माझाही."

"वारसा बदलता येत नाही, बाई. बदलला तर तो वारसा कसला?"

एवढं सगळं बाईंनी हसत सोसलं, कारण जून जवळ आला होता. सणाच्या दिवशी आत जाऊन पद म्हणायचं, मग पुढे श्वास कोणी मोजो नाहीतर जमा करो. पण सणाच्या आठवड्यात गर्दी इतकी वाढली की ग्रामपंचायतीला प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. अनुदान सायकलमार्गाचं, तेव्हा प्रवेश सायकलने येणाऱ्यांनाच. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला. सगळ्यांचा वर असताना एकट्याचा खाली बरा दिसत नाही.

"काकू, नियम तुमच्यासाठी नाही हो, सगळ्यांसाठी आहे," सरपंचांनी समजूत घातली.

"ते बरंय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं फक्त देवासाठी आहे."

सणाच्या सकाळी ओदेतने आपल्या दिवंगत नवऱ्याची सायकल गोठ्यातून काढून दिली. तिच्या सीटवर कोंबडी बसायची. सायकलला साखळी नव्हती. सिदोनीबाईंनी ठेवणीतला निळा झगा घातला, डोक्यावर कोणाचं तरी हेल्मेट बांधलं, आणि काठी धरावी तशी सायकल धरून त्या चढ चढू लागल्या. आम्ही पंच मंडळी कॅफेबाहेर बसलो होतो. आम्ही उठून टोप्या काढल्या. रीत सोडू नये.

दारात राखणदार रोम्युआल्ड उभा.

"बाई, या सायकलला साखळी नाही."

"तुझ्या चॅपेलमध्ये तरी पाद्री कुठंय? चाललंय ना?"

रोम्युआल्डने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या बाप्तिस्म्याला याच बाई गायल्या होत्या. "बसा बाकावर थोडं," तो पुटपुटला, "आणि मग जा गुपचूप. मी काही बघितलं नाही."

आम्हीही कामाचं निमित्त काढून दाराशी आलो. आत एक घोळका होता, चांगली सुशिक्षित, इतिहासाची आवड असलेली माणसं. एकाने बटण दाबलं. सिदोनीबाई आपलंच गाणं हात जोडून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. संपलं. त्यांनी श्वास घेतला, तोच दुसऱ्याने दाबलं. त्याच्या बायकोला चित्रफीत हवी होती. पुन्हा शेवटपर्यंत. मग तिसऱ्याने. बाई थांबल्या. ज्याला देवाची वाट बघायची सवय आहे त्याला पर्यटकाची वाट बघणं जड जात नाही.

शेवटी एकदा सगळे भिंतीकडे वळले, संताचा उरलेला कान बघायला, आणि शांतता झाली. सिदोनीबाईंनी डोळे मिटले. संताच्या पदाचा पहिला सूर निघाला. थांबला, झटकला आणि आत आला. कान पडलेला, नाक गळलेला तो भिंतीवरचा म्हातारा जरा पुढे वाकल्यासारखा वाटला. सरपंचांनी, देव न मानणाऱ्या आमच्या सरपंचांनी, सिगारेट विझवली.

तेवढ्यात घोळक्यातून कोणीतरी मागे वळलं. अत्यंत सभ्यपणे, ओठांवर बोट ठेवून.

"आजी, शूऽऽ. जरा शांत राहा. आम्हाला इथलं गाणं ऐकायचंय."

बाई दुसऱ्या ओळीवर थांबल्या. तिसरी ओळ त्या वर्षी कोणी म्हटली नाही. त्या माणसाने हात पुढे करून बटण दाबलं.

तो तुम्ही होतात की दुसरं कोणी, हे शपथेवर सांगता येणार नाही. हेल्मेट घातल्यावर सगळेच रसिक सारखे दिसतात.