राऊत सरांची मूळ संख्या

राऊत सरांना आपला मोबाइल नंबर सांगितला, तर ते तो लिहून घेत नाहीत. आधी डोळे मिटून त्यातल्या आकड्यांची बेरीज करतात, मग आपल्याकडे दयेनं पाहतात. "तिनानं भाग जाऊन राह्यला बाबू. पहिल्याच धक्क्यात फुटला!"

सर घाटंजीला शाळेत गणित शिकवायचे. आमच्या घरातली पहिली पदवी मी आणली ती त्यांच्या जिवावर, म्हणून मी त्यांच्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण माझ्या बहिणीला आलेल्या स्थळाचा नंबर ऐकून ते भर बैठकीत म्हणाले, "नवानं जाते, अकरानंही जाते. पोरगा कोणाच्याही म्हणण्यात येईल." मुलाची आई समोरच पोहे खात होती.

सम संख्या त्यांच्या लेखी आळशी. शेवटी पाच असेल तर "दार उघडंच हाये." मान फक्त मूळ संख्येला. "एक अन् ते स्वतः. तिसऱ्याचं काही चालत नाही." सरांचा स्वतःचा नंबर तसा होता. दहा आकडी संख्या, वर्गमूळापर्यंतच्या एकेका मूळ संख्येनं भागून पाहायची. त्यात उन्हाळ्याची अख्खी सुटी गेली, असं ते सांगत. सरांनी तपासलंय म्हटल्यावर तालुक्यात पुन्हा कोण तपासणार?

मग पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं त्यांना नव्या नंबरासकट नवा फोन दिला, आणि रिचार्जअभावी जुना नंबर बंद पडला. सर मला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार प्रफुल्लही त्यांचाच विद्यार्थी.

"सर, कायले त्या जुन्याच्या मागं लागता? नव्याले काय झालं?"

"चारानं भाग जाते."

"पण फोन तं लागते ना?"

"लागते. सांगाची लाज वाटते."

रांग खो खो हसली. "आज सर्व्हर लई हळू हाये. उद्या या," प्रफुल्ल म्हणाला.

"उद्यापर्यंत राहील नंबर?"

"कंपनीनं दुसऱ्याले देला तं मी काय करू?"

सर बाकावर बसले. उठेनात. बसल्या बसल्या मी त्यांचा जुना नंबर माझ्या फोनवर भागून पाहिला. तिनानं गेला नाही. सातानं पूर्ण गेला. बाकी शून्य.

"सर, हा तं..."

"हळू बोल." त्यांनी मला बाहेर ओढलं. "मले माहीत हाये. पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग?"

"तुह्या काकूले आताशा रस्ते आठवत नाहीत. मागं बाजारातून निघाली अन् दिग्रसच्या गाडीत बसली. कंडक्टरनं विचारलं, तं घर सांगता आलं नाही. हा नंबर सांगितला. पाढ्यासारखा पाठ करून घेतलता मी. नवा शिकवून राह्यलो, पण बसतच नाही."

"मंग प्रफुल्लले तसं सांगा न."

"कायले? उद्यापासून लोक तिच्याशी लहान पोरीसारखे बोलतील. त्यापेक्षा मले येडा म्हणू दे. त्याची गावाले सवय हाये."

आम्ही आत आलो. प्रफुल्ल वैतागून म्हणाला, "सर, खरं सांगा, एवढं काय हाये त्या नंबरात?"

सरांच्या आधी मीच बोललो. "मूळ संख्या हाये, भाऊ. मी आत्ताच भागून पाह्यलं."

प्रफुल्लनं मान हलवत अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. सरांनी अंगठा टेकवला. इतक्या वर्षांत माझं चुकीचं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच दुरुस्त केलं नाही.