सोपानतात्यांचा खर्डा स्पीकर

सोपानतात्या काळोखे स्पीकरचा वास घेत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात, तपकीर गल्लीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात. तात्या उकिडवे बसले, ढिगातून एक बारा इंची स्पीकर उचलला, कलिंगड निवडावं तशी त्याच्या तोंडावरच्या कागदी पडद्यावर टिचकी मारली, तीन बोटांनी कागद हलकेच आत दाबला आणि मग त्याला नाक लावलं. "ह्यो लग्नात व्हता. पावसात भिजलाय. ऱ्हाऊ दे," असं म्हणून त्यांनी तो परत ठेवला. दुकानदाराचा चेहरा असा काही उतरला, की निदान बरोबर असणार याबद्दल मला शंका राहिली नाही.

तात्या मूळचे आकुर्डीचे. जमीन कंपनीत गेली आणि जमिनीपाठोपाठ तात्याही कंपनीत गेले. पत्रे ठोकणाऱ्या ज्या प्रेस शॉपमध्ये ते कामाला होते तिथे पूर्वी त्यांची ज्वारी उभी असे, असं ते सांगत. मी त्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि संत तुकाराम नगरातल्या माझ्या खोलीवर इलेक्ट्रिक गिटार बडवून शेजाऱ्यांचे शिव्याशाप घेत होतो. आम्हां दोघांना एकत्र आणलं ते कंपनीच्या ऑर्केस्ट्राने. एक अ‍ॅकॉर्डियन, एक बोंगो, दोन गायक, मी आणि आवाजाची बाजू सांभाळायला तात्या.

माझा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मी एका मित्राकडून खास बांधून घेतला होता. पहिल्याच दिवशी मी त्याचं कौतुक सांगू लागलो. तात्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुकुंदा, गिटार न्हाई वाजत. तुझा डबाबी न्हाई वाजत. कागद वाजतो."

मी हसलो. तर त्यांनी तिथल्या तिथे, कँटीनच्या टेबलावर, माझ्याच डब्याला एकामागून एक तीन स्पीकर जोडले. पहिला कुठल्याशा रेडिओग्रामचा. त्यातून माझी गिटार गोधडीतून बोलल्यासारखी आली. "पिठलं," तात्या म्हणाले. दुसऱ्याचा कागद कडेला फाटलेला. त्यातून ती फरफर करत आली. "शिळी भाकर." तिसऱ्याचा कागद पातळ, ताठ आणि खडखडीत. तार छेडली आणि समोर पाणी पिणाऱ्याला ठसका लागला. "ह्यो खर्डा!" तात्यांचे डोळे लकाकले. गिटार तीच, डबा तोच, बोटंही माझीच, आणि तरी तीन वेगळी माणसं वाजवून गेल्यासारखं वाटलं. मी हार मानली, आणि खर्डा माझ्या डब्याला कायमचा जोडला गेला.

नवा स्पीकर तात्या कधी लगेच वापरत नसत. तो मुरवावा लागे. महिनाभर तो ट्रंकेत घालून, वर गोधडी टाकून, त्याला रेडिओ जोडून ठेवत. आमच्या खर्ड्याने असे शेतीविषयक कार्यक्रम इतके पचवले होते, की उसाच्या लागवडीवर तो स्वतंत्रपणे बोलू शकला असता.

अडचण एकच होती. पब्लिकला खर्डा झेपत नव्हता. माझा सोलो सुरू झाला की पहिल्या रांगेतल्या बायका पदर कानावर घेत. एकदा मोठ्या साहेबांच्या मिसेस मध्येच उठून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमचे वेल्फेअर ऑफिसर जोगळेकर कामाला लागले. त्यांनी मुंबईहून एक नवा, गुबगुबीत आवाजाचा स्पीकर आणवला. त्याच्याबरोबर त्यांचा एक ओळखीचा ऑपरेटरही येणार होता. म्हणजे अँप्लिफायरशेजारचं तात्यांचं स्टूल जाणार होतं.

"त्यो पिठलं हाय," तात्यांनी स्पीकर न वाजवताच निकाल दिला.

"मग शास्त्रीय पद्धतीने बघू," जोगळेकर म्हणाले. "डोळे बांधून दोन्ही ऐका. ओळखलेत तर स्टूल तुमचं. चुकलात तर गणपतीत माझा स्पीकर आणि माझा माणूस."

आता पुढचं सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगतो. जोगळेकरांच्या डोक्यात नसलेली एक गंमत मी त्यांच्या डोक्यात घातली. चादरीमागे दोन खोकी ठेवायची आणि दोन्ही वेळा वाजवायचा एकच स्पीकर, जोगळेकरांचा. तात्या काय काय फरक सांगतात ते बघू. तात्या सांभाळून घेतील, वर चार शिव्या देतील, आणि हसून हसून पोट दुखेल, एवढाच माझा हिशोब होता. मी तेव्हा तरुण होतो आणि स्वतःला फार विनोदी समजत होतो.

पहिली शिफ्ट सुटल्यावर कँटीन भरलं. तात्यांचे डोळे पंचाने बांधले. "आवाज मोठा ठेव रं," ते म्हणाले.

"छे छे, अगदी हळू," जोगळेकर म्हणाले. "हळू आवाजातच गुण कळतो."

मी पातळ तारेवर एक नाजूक चाल वाजवली. थांबलो. वायर काढल्याचं नाटक केलं आणि तीच चाल पुन्हा वाजवली.

"बोला तात्या, कुठला कुठला?" जोगळेकरांनी विचारलं.

तात्यांचा चेहरा शांत, मान किंचित कलती.

"तात्या, बोला की!"

तेव्हा तात्या म्हणाले, "आरं मुकुंदा, वाजव की आता. कशाची वाट बघतूस?"

कँटीन खो खो हसत सुटलं. जोगळेकरांच्या स्पीकरची अशी हजामत कुणी केली नव्हती. असल्या आवाजाला वाजवणं तरी म्हणायचं का, असंच सगळ्यांना वाटलं. टेबलं बडवली, शिट्ट्या झाल्या, "जिंकलात तात्या, राव!" म्हणून कुणीतरी त्यांची पाठ थोपटली. जोगळेकर लालबुंद होऊन निघून गेले.

मी मात्र हसलो नाही, कारण मला तात्यांचा हात दिसत होता. पंजा पसरून त्यांनी तो टेबलावर दाबून ठेवला होता आणि बोटं लाकडातून येणाऱ्या आवाजाच्या थरथरीची वाट बघत होती. पंचा सोडल्यावर त्यांनी एकेकाचं तोंड निरखलं आणि मग तेही हसू लागले. सगळ्यांच्या जरा मागाहून.

सामान खोलीत ठेवताना त्यांनी दार लोटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तू वाजवलं व्हतंस व्हय रं?"

मी होय म्हणून मान हलवली. ते खोक्यावर बसले.

"प्रेसनं खाल्लं कान," ते म्हणाले. "धा वर्सं झाली आसतील. जाड आवाज कळतू. बारीक न्हाई कळत. पिठल्यात तुझी गिटार मला दिसती नुसती. खर्ड्यात वाईच ऐकाय येती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंमत माझीच होती हे मी त्यांना तिथेच, चांगलं मोठ्याने, सांगून टाकलं.

"वरडू नगं," ते म्हणाले. "घरी समदी माझ्यावर वरडत्यात. सून वरडती, नातू वरडतू. मग दमत्यात आन् बोलायचंच सोडत्यात. हितं बरं हाय. तुमचा दंगा चालू आसला की समदीच एकमेकांवर वरडत्यात. हितं मी तुमच्यातलाच." मग खोक्यावरून उठत म्हणाले, "कुणाला सांगू नगं."

मी कुणाला सांगितलं नाही. जोगळेकरांनीही परीक्षेचं नाव पुन्हा काढलं नाही. पण पहिल्या रांगेतले पदर होतेच, आणि ते पुन्हा कानावर गेले असते तर स्टूल गेलंच असतं. त्या आठवड्यात मी खर्ड्यासमोर उभा राहिलो, बाजूला गेलो, मागे गेलो, खाली बसलो. कागदाचा तिखटपणा नाकासमोर सरळ जातो. चार पावलं बाजूला सरकलं की निम्मा उरतो.

गणपतीच्या कार्यक्रमाला मी खोकं स्टेजच्या कडेला ठेवलं आणि त्याचं तोंड पब्लिककडे न करता आडवं, थेट तात्यांच्या स्टुलाकडे फिरवलं. वायर पुरत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. सोलो झाला. एकही पदर हलला नाही. मोठ्या साहेबांच्या मिसेस तर चक्क ताल धरून होत्या. जोगळेकर कौतुकाने म्हणाले, "यंदा स्पीकर मुरला बरं का!"

तात्या दोन हातांवर हनुवटी टेकून खर्ड्यासमोर बसले होते. दोन गाण्यांच्या मध्ये त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मुकुंदा, पातळ तार उतरलीया."

मी कान लावून छेडून पाहिली. खरंच केसभर उतरली होती. ते मान डोलावेपर्यंत मी ती हळूहळू चढवत राहिलो.