मालोजींच्या लग्नातला आवाज

यंत्र कोणतंही असो, माझ्यापुढे ते सुतासारखं सरळ येतं, असं मी सत्तावीस वर्षं सांगत आलो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की लोक आधी मला हाक मारायचे, मग मॅनेजरला. त्यामुळे स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरबसल्या जुन्या लग्नांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं ठरवलं, तेव्हा मला तसूभरही शंका नव्हती. शंका मिनलला होती. पण बायकोच्या शंका मी मोजत नाही. मोजायला हव्या होत्या, हे आता कळून काय उपयोग!

चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमधला हॉल मी कामाला लावला. एका टेबलावर नवा कॉम्प्युटर, शेजारी जुना व्हीसीआर आणि दोघांच्या मध्ये काडेपेटीएवढी एक डबी. तिला कॅप्चर कार्ड म्हणतात. व्हीसीआरमधलं चित्र आणि आवाज तिच्यातून कॉम्प्युटरमध्ये उतरतो. निदान डबीच्या खोक्यावर तरी तसं छापलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मालोजी. चाकणच्या कांदा मार्केटात त्यांचा गाळा आहे, आमच्या कॅन्टीनला कांदा त्यांचाच यायचा. त्यांनी टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या लग्नाची कॅसेट आणली होती. लेकीचा, उत्कर्षाचा, साखरपुडा पुढच्या रविवारी होता. आदल्या दिवशी दुपारी सगळा गोतावळा जमणार आणि टीव्हीवर ते लग्न बघणार, असा बेत होता.

"शेखरभाऊ, आईला जाऊन अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "फोटो ढीगभर हायेत. पण तिचा आवाज ह्या कॅसेटीबिगर कुटंच न्हाई."

मी म्हणालो, दोन दिवसांत देतो.

पहिले दोन दिवस पडद्यावर फक्त निळा रंग होता. मी वायरी बदलल्या. मग बदललेल्या वायरी बदलल्या. कॉम्प्युटर खोलून मेमरी वाढवली, विंडोज पुसून पुन्हा टाकलं, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. डबी विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने मला सात वेळा कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. कंपनीत आम्हीही प्रॉडक्शनवाल्यांना हेच सांगायचो, त्यामुळे मला रागही येईना. तिसऱ्या दिवशी मिनल केर काढता काढता व्हीसीआरच्या मागे वाकली आणि वायरी 'इन'मध्ये का खोचल्यात, 'आऊट'मध्ये नको का, असं विचारून पुढे गेली. मी तिला ऐकू येईल अशा आवाजात काही बोललो नाही.

वायरी हलवताच चित्र आलं. आवाजही आला. व्हीसीआरचा एक फाटा मी टीव्हीला दिला होता, म्हणजे कॅसेट टीव्हीवर दिसत होती आणि कॉम्प्युटरमध्ये उतरतही होती. पाच मिनिटं उतरवून तपासून पाहिली. सनई वाजत होती, बायका हसत होत्या. आवाज थोडा घुमल्यासारखा वाटला, पण मांडवातला लाऊडस्पीकर घुमणारच. मी समाधानाने उरलेली कॅसेट लावली. तेवढ्यात मिनल म्हणाली की परक्याच्या लग्नाची सनई ऐकून तिचं डोकं उठलंय. मी टीव्हीचा आवाज बंद केला. कॉम्प्युटरमध्ये आवाज उतरतोय म्हटल्यावर टीव्हीचा कशाला हवा?

खरी गोष्ट अशी, की कॉम्प्युटर डबीतला आवाज घेतच नव्हता. विंडोज नव्याने टाकल्यावर त्याने स्वतःच्या मनाने कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातला माइक निवडला होता. मी तपासली ती सनई टीव्हीतून हॉलमध्ये आणि हॉलमधून माइकमध्ये गेलेली होती. टीव्ही गप्प केल्यावर पुढचे दोन तास त्याने आमचा हॉल उतरवून घेतला. हे मला पुढे कळलं. कुठे कळलं, तेच सांगतो.

शनिवारी दुपारी मालोजींच्या घरी पस्तीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. सगळ्यात पुढे खुर्चीवर सोपानराव, म्हणजे मालोजींच्या आईचे, शालनबाईंचे, थोरले दीर. वय ब्याऐंशी, कानांनी जवळपास रजा घेतलेली. मला हात धरून त्यांच्या शेजारी बसवलं. चहा दिला. मी पेन ड्राइव्ह लावला.

पहिली पाच मिनिटं झकास गेली. मग सनई एकदम थांबली. वाजवणारा गाल फुगवून वाजवतच होता. पडद्यावर भटजींनी अंतरपाटाशी उभं राहून तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून माझा आवाज आला. "आज खिचडीच टाक, पोट ठीक नाही."

लोकांना वाटलं, टीव्ही बिघडला. एकाने उठून त्याला थापट्या मारल्या. अक्षता पडायला लागल्या तशी कुकरची शिट्टी झाली. मी रिमोट शोधू लागलो. तो उत्कर्षाच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मांडीखाली होता आणि ते टक लावून बघत होते. टीव्हीतून मीच निवांतपणे म्हणत होतो की नवरदेव मुंडावळ्या बांधलेल्या कांद्याच्या पोत्यासारखा दिसतोय. मालोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. चहा संपला होता.

मग गृहप्रवेश आला. शालनबाई दारात उभ्या. नव्या सुनेने माप ओलांडलं, शालनबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि त्यांच्या तोंडून आमची मिनल बोलली, "या वयात हे उद्योग तुम्हाला सांगितले कुणी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सोपानरावांचे मात्र डोळे भरले होते. "शालनच ती," ते म्हणाले. "आशीच बोलायची."

मी सगळ्यांची माफी मागितली. मालोजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ. नशिबात नसंल." आणि लोकांना जेवायला चला म्हणून सांगू लागले.

मी चपला घालत होतो, तेव्हा त्यांची बायको मागून आली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिने हळू आवाजात विचारलं की कॅसेट शाबूत आहे ना. मी हो म्हणालो.

"त्या दारात आत्याबाई माझ्या कानात काय तरी बोलल्या हुत्या," ती सासूबद्दल म्हणाली. "वाजंत्रीत मला ऐकूच आलं न्हाई. नवी नवरी, परत कसं इचारणार? मग राहूनच गेलं. कॅमेऱ्यावाला जवळच हुता. त्यात आलं आसंल, म्हणून मीच ह्यांच्या मागं लागले हुते."

घरी येऊन मी मिनलला सगळं सांगितलं. ती हसेल, असं वाटलं होतं. ती हसली नाही, वही घेऊन टेबलाशी बसली. चार दिवस आम्ही दोघं त्या कॅसेटच्या मागे होतो. माइक काढून फेकला, आवाजाची वाट डबीकडून लावली. तेवढ्यात व्हीसीआरचा पट्टा तुटला. दुसरा व्हीसीआर गावठाणातल्या एका जुन्या फोटोग्राफरच्या माळ्यावर मिळाला. त्यात झुरळं राहत होती, त्यांना आधी घर बदलायला लावलं. कॅसेट नीट उतरली, पण गृहप्रवेशाच्या जागी नुसती वाजंत्री. मग ताशा खाली, बाईचा आवाज वर, असं करत ते अर्धं मिनिट मी शंभर वेळा तरी घासलं. कानाला हेडफोन लावून मिनल ऐकायची आणि मान हलवून नाही म्हणायची. माझी पाठ गेली, डोळे गेले, मी किती हुशार आहे याबद्दलची माझी जुनी मतंही गेली.

शेवटी एका सकाळी मिनलने मान हलवली नाही. हेडफोन काढून ती म्हणाली, "त्यांना बोलवा. आपण आधी ऐकायला नको होतं."

मालोजी आणि त्यांची बायको दुपारी आले. मी तिच्या कानांना हेडफोन लावून दिले आणि बटण दाबलं. पडद्यावर शालनबाई वाकल्या. त्या म्हणत होत्या, "चपला आत घे गं पोरी. हितं ऱ्हायल्या तर कुनी बी नेईल."

तिने तीनदा ऐकलं. मालोजींनी एकदा ऐकलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, बराच वेळ. मिनलने पाण्याचा तांब्या आणला. तिने इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती गोष्ट ही निघाली, याबद्दल माफी मागायची की काय, असं मला वाटून गेलं.

तिने हेडफोन काढले, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"गेल्याच हुत्या हो त्या. नव्याकोऱ्या."